किलो वेगळा, लिटर वेगळा



या वेळी सदराची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीने करणार आहोत. वैशाख पौर्णिमेच्या भोजनदानासाठी आमच्या विहार समितीने वर्गणी जमा केली होती. डाळ, तांदूळ, कांदे-बटाटे यांची यादी झाली. तेलाचा डबा आणण्याचे काम आमच्याकडे आले. बाजारात दोन दुकानांत चौकशी केली. एका ठिकाणी डबा २१७५ रुपयांना, दुसऱ्या ठिकाणी २०४० रुपयांना. दोन्ही डब्यांवर १५ चा आकडा ठळक छापलेला. आम्ही अर्थातच स्वस्तातला उचलला आणि १३५ रुपये वाचवल्याचे समाधान घेऊन विहारात आलो.

विहाराच्या अभ्यासिकेत येणारी आठवीतली एक मुलगी तिथे तांदूळ निवडायला बसली होती. तिने डब्यावरचे अक्षर वाचले आणि म्हणाली, "काका, हा तर १५ लिटरचा आहे. तो दुसरा १५ किलोचा होता का?" आम्ही म्हणालो, "अगं, एकच ते. लिटर काय आणि किलो काय!" ती हसली नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले आणि आमच्या हातात दिले.

तेलाचा एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटर तेलाचे वजन १३ किलो ६५० ग्रॅम. दुसऱ्या दुकानातल्या डब्यात पुरते १५ किलो होते. फरक १ किलो ३५० ग्रॅमचा. किलोच्या डब्यात दर पडत होता किलोला १४५ रुपये. आम्ही आणलेल्या डब्यात पडला सुमारे १४९ रुपये ५० पैसे. स्वस्त म्हणून आणलेला डबा महाग ठरला होता.

दुकानदाराने फसवले नव्हते. डब्यावर लिटर असे स्पष्ट छापलेले होते. फसवले ते आमच्या अज्ञानाने. आणि पैसा आमचा नव्हता. धुणीभांडी करणाऱ्या बायाबापड्यांनी, बिगारी काम करणाऱ्या भावांनी दहा-वीस, पन्नास रुपये करून दिलेला तो पैसा होता. समितीच्या बैठकीत आम्ही चूक कबूल केली आणि त्याच दिवशी ठरवले की एकदा हा विषय सदरात सविस्तर घ्यायचा.

वजन म्हणजे काय, माप म्हणजे काय

किलो आणि ग्रॅम ही वजनाची एकके. वस्तू किती जड आहे ते त्यांनी कळते. लिटर आणि मिलिलिटर ही आकारमानाची एकके. वस्तूने जागा किती व्यापली आहे ते त्यांनी कळते. एका पोत्यात कापूस भरा आणि तेवढ्याच दुसऱ्या पोत्यात वाळू भरा. जागा दोघांनी सारखीच व्यापली, पण कापसाचे पोते पोरगेही उचलील आणि वाळूचे पोते दोघांना हलणार नाही. एवढे लक्षात आले की निम्मे काम झाले.

दशमान पद्धतीत आतल्या आतले रूपांतर फार सोपे असते. ते असे:

१००० मिलिग्रॅम म्हणजे १ ग्रॅम.
१००० ग्रॅम म्हणजे १ किलो.
१०० किलो म्हणजे १ क्विंटल.
१००० किलो, म्हणजे १० क्विंटल, म्हणजे १ टन.
१००० मिलिलिटर म्हणजे १ लिटर.
१००० लिटर म्हणजे १ घनमीटर, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौदातले पाणी.

मोठ्या एककाचे लहान करताना गुणायचे, लहानाचे मोठे करताना भागायचे. पावणेदोन किलो म्हणजे १७५० ग्रॅम. ३५० मिलिलिटर म्हणजे ०.३५ लिटर. डॉक्टर आणि औषधाच्या दुकानातले लोक 'सीसी' म्हणतात, तो आणि मिलिलिटर एकच.

लिटरचा किलो कसा करायचा

अडचण येते ती वजनातून आकारमानात जाताना. तिथे हजाराने गुणून-भागून चालत नाही, वस्तू कोणती हे आधी विचारावे लागते.

पाण्याच्या बाबतीत हिशेब सरळ आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हा काही योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली ही पद्धत ठरवली तेव्हा पाणीच आधाराला घेतले होते. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा चौकोनी भांड्यात मावते ते एक लिटर, आणि तेवढ्या पाण्याचे वजन तो एक किलो, असे बांधले गेले. म्हणून पाण्यापुरते आपले 'लिटर काय आणि किलो काय' खरे आहे. पण फक्त पाण्यापुरतेच.

इतर वस्तूंचा एक लिटर साधारण असा भरतो:

दूध – १ किलो ३० ग्रॅम.
खाद्यतेल – ९१० ते ९२० ग्रॅम.
रॉकेल – सुमारे ८०० ग्रॅम.
मध – सुमारे १ किलो ४०० ग्रॅम.
तांदूळ – सुमारे ८०० ग्रॅम.

ही यादी कापून कपाटाच्या आत चिकटवून ठेवावी. नियम दोनच. लिटरवरून किलो काढायचे असतील तर वरच्या आकड्याने गुणा. किलोवरून लिटर काढायचे असतील तर त्याच आकड्याने भागा. उदाहरणार्थ, गावाकडे डेअरीला कोणी १० किलो दूध घातले तर ते लिटरमध्ये किती? १० भागिले १.०३, म्हणजे सुमारे ९.७ लिटर. तेल ५ लिटर घेतले तर वजन किती? ५ गुणिले ०.९१, म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम.

तेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तेल तापले की फुगते, म्हणून तापलेल्या तेलाचा लिटर वजनाला कमी भरतो. पाकिटावर लिटरच्या जोडीला बारीक अक्षरात तापमान छापले की गिऱ्हाइकाला नक्की वजन किती मिळते ते कळत नसे. म्हणून २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल कंपन्यांना कळवले, की तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ माप आणि वजन छापा आणि छापलेले वजन पाकिटात भरा. आता तेलाच्या पिशवीवर लिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे असतात. दोन कंपन्यांच्या पिशव्यांची तुलना करताना ग्रॅमचा आकडा पाहावा. बऱ्याच पाकिटांवर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा दरही छापलेला असतो, तोही वाचावा.

धान्याचे तर आणखी निराळे. पाच लिटरचा डबा म्हणजे पाच किलो धान्य, असे पुष्कळ घरांत समजतात. त्या डब्यात तांदूळ सुमारे चार किलोच मावतो. पीठ भरले तर त्याहूनही कमी, आणि चुरमुरे भरले तर विचारूच नका. म्हणून रेशनचे धान्य डब्याच्या मापाने कधीच घेऊ नये, काट्यावरच घ्यावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पण मोफत आहे म्हणून कमी घ्यावे असे कुठेही लिहिलेले नाही. कार्डावर चार माणसे असतील तर २० किलो. ते मोजून घेणे हा आपला हक्क आहे.

औषधाच्या बाटलीवरचे दोन आकडे

आता जे सांगणार आहोत ते प्रत्येक आईने आणि आजीने नीट वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या शाळकरी मुलांनी वाचून दाखवावे.

गेल्या पावसाळ्यात आमची लेक बाळंतपणानंतर माहेरी राहायला आली होती. नातू दहा महिन्यांचा, वजन ८ किलो. रात्री त्याला ताप भरला. तापाचे पातळ औषध घरात होते, ते संपले होते. आधी डॉक्टरांनी पाच मिलिलिटर द्यायला सांगितले होते, ते आमच्या डोक्यात पक्के. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आम्ही त्याच नावाची लहान बाटली घेऊन आलो. आमच्या सहचारिणींनी सवयीने पाच मिलिलिटर भरले. तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, थांब. ही बाटली एवढीशी कशी? त्यावर काय लिहिलंय ते बघू दे."

मोठ्या बाटलीवर लिहिले होते, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम. लहान बाटली थेंबांची होती. तिच्यावर लिहिले होते, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. म्हणजे त्या बाटलीतले पाच मिलिलिटर दिले असते तर लेकराच्या पोटात ५०० मिलिग्रॅम औषध गेले असते. जिथे १२० हवे तिथे चौपटीहून जास्त.

पॅरासिटामॉल हे तापाचे नेहमीचे औषध. लहान मुलांना ते साधारण वजनाच्या एका किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. ८ किलोच्या बाळाला ८ गुणिले १५, म्हणजे १२० मिलिग्रॅम. हे १२० मिलिग्रॅम मोठ्या बाटलीतून ५ मिलिलिटरमध्ये मिळतात, तर थेंबांच्या बाटलीतून अवघ्या १.२ मिलिलिटरमध्ये. शिवाय बाजारात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असणारी तिसरी बाटलीही मिळते. नाव एकच, रंग सारखा, पण औषधाचे वजन वेगळे. जास्त मात्रा पुन्हा पुन्हा गेली तर यकृताला इजा होते आणि जिवावर बेतू शकते.

तेव्हा हे नियम पाळावेत. मिलिग्रॅम हे औषधाचे वजन आणि मिलिलिटर हे पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवाचे माप, ही दोन अक्षरे एक समजू नयेत. डॉक्टरांना विचारावे, "किती मिलिलिटर, आणि कोणत्या बाटलीतले?" बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारावी. बाळाचे वजन अंगणवाडीत किंवा दवाखान्यात करून कागदावर लिहून ठेवावे. एका बाळाचे औषध दुसऱ्या बाळाला अंदाजाने देऊ नये. आणि औषध घरातल्या चमच्याने देऊ नये. औषधाचा चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर असे पुस्तकात असते, पण आपल्या मांडणीवरचे चमचे कोणत्या पुस्तकात बघून घडवलेले नसतात. बाटलीबरोबर आलेले टोपण, ड्रॉपर किंवा सुई काढलेली पिचकारी वापरावी.

जुलाब झाले तर

वस्त्यांमध्ये पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ येते. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे क्षारसंजीवनीची पुडी मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. काही लहान पुड्या २०० मिलिलिटरच्या असतात, म्हणून पुडीवर वाचावे. पुष्कळ घरांत मोठी पुडी एका पेल्यात कालवतात. पेल्यात मावते सुमारे २०० मिलिलिटर. म्हणजे ते पाणी पाचपट खारट झाले. असे पाणी बाळाला आराम देण्याऐवजी अपाय करते. उलट पुडी दीड-दोन लिटरमध्ये टाकली तर तिचा गुण कमी होतो.

एक लिटर कसे मोजायचे? पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली स्वच्छ धुऊन ठेवावी. नाही तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडल्यावर ते दूध पातेल्यात कुठवर येते तिथे खूण करावी, त्याच्या दोन खेपा म्हणजे एक लिटर. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावू नये. हे पाणी २४ तासांनंतर टाकून नवे करावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

माळ्यावरचा ड्रम

पाण्याचा लिटर म्हणजे किलो, हे विसरल्यानेही घात होतो. आपल्या चाळीत-झोपडीत पाणी दिवसाआड येते म्हणून माणसे माळ्यावर २०० लिटरचा ड्रम ठेवतात. भरल्यावर त्याचे वजन २०० किलोच्या वर जाते. म्हणजे तीन-चार मोठी माणसे रात्रंदिवस त्याच जागी उभी आहेत, असे समजा. पत्र्याच्या किंवा जुन्या लाकडी माळ्यावर ५०० लिटरची टाकी ठेवली तर अर्धा टन, म्हणजे सिमेंटच्या दहा गोण्या. खाली पाळण्यात लेकरू झोपलेले असते. बांधकामावर काम करणाऱ्या आमच्या भावांना हे सांगायला नको, पण घरच्या बाबतीत आपणही विसरतो. टाकी भिंतीच्या आधारावर आणि शक्यतो खाली ठेवावी.

गॅसच्या टाकीचेही सांगून ठेवतो. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असतो. टाकीच्या वरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. समजा १५.३ लिहिले आहे, तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. टाकी आणणाऱ्याकडे वजनकाटा असतो. संशय आला तर वजन करून मागावे. तोही आपल्यासारखाच कष्टकरी माणूस आहे. त्याच्याशी भांडायचे नाही, नीट बोलून वजन करून घ्यायचे.

माप कुणाच्या हातात

आमची आजी सांगायची, खळ्यावर बलुते मागायला गेले की आपल्या माणसांनी मापाला हात लावायचा नसे. दूर उभे राहायचे आणि पदर पसरायचा. पायली कुणी भरायची, शीग लावायची की हाताने पुसून टाकायची, हे सगळे मालकाच्या मनावर. काम वर्षभराचे ठरलेले, मोबदल्याचे माप मात्र ठरलेले नाही. आजी म्हणायची, "त्यांची पायली देताना बारकी आणि घेताना मोठी व्हायची."

त्या काळी चिपटे, मापटे, शेर, अडशेरी, पायली अशी मापे होती. चार शेरांची पायली. सोळा पायल्यांचा मण, पण कुठे बाराच पायल्यांचा. गाव बदलले की माप बदलायचे. ज्याच्या हाती माप त्याच्या हाती न्याय. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. कामाचा मोबदला ठरलेला आणि मोजता येईल असा हवा, दुसऱ्याच्या मर्जीवर नको. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली.

देशाला एकच माप असावे ही तरतूद घटनेतच आहे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतली ५० वी नोंद वजनमापांची प्रमाणे ठरवण्याची आहे. त्या आधारावर वजन आणि मापांच्या प्रमाणांचा पहिला कायदा २८ डिसेंबर १९५६ रोजी झाला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी. ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आले. आज २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. नंदुरबारच्या आठवडी बाजारातला किलो आणि मुंबईच्या मोठ्या दुकानातला किलो एकच. गरिबाचा किलो आणि श्रीमंताचा किलोही एकच. आम्हाला ही समतेचीच गोष्ट वाटते.

जुन्या मापांचा एक अवशेष मात्र अजून घरात आहे, तो म्हणजे तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतात. आईच्या जुन्या दागिन्याची "दोन तोळे" अशी नोंद असेल तर ते २३.३२ ग्रॅम होतात, २० ग्रॅम नव्हे. मोडताना किंवा गहाण ठेवताना तोळ्यात बोलूच नये. काट्यावर ग्रॅम पाहावे आणि पावतीवर ग्रॅमच लिहून घ्यावे.

गिऱ्हाइकाने काय पाहावे

काट्यावर वस्तू ठेवण्याआधी शून्य आहे का ते पाहावे. तागडी असेल तर रिकामी असताना समतोल आहे का पाहावे. दगड, बोल्ट असल्या वजनांनी माल घेऊ नये. वजनावर आणि काट्यावर पडताळणीची सरकारी मुद्रा असते. लोखंडी वजनांची पडताळणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात असले पाहिजे. मिठाई घेताना खोक्याचे वजन मिठाईच्या भावाने मोजू देऊ नये. कमी वजन मिळाले तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात तक्रार करता येते, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करता येतो. फोन फुकट लागतो.

ही गोष्ट फक्त घेणाऱ्यांची नाही. आपल्यातही आता भाजीची गाडी लावणारे, किराणा टाकणारे, दूध घालणारे बंधू-भगिनी आहेत, आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांना एकच सांगणे. तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्ध ज्या गोष्टींपासून दूर राहतात त्यांची यादी आहे, त्यात तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट आहेत. म्हणजे खोटा तराजू, खोटा धातू आणि खोटे माप. अडीच हजार वर्षांपूर्वीही काटा मारणारे होतेच, आणि धम्माने त्या वागण्याला चोरीच म्हटले. पंचशीलातले दुसरे शील रोज म्हणायचे आणि पन्नास ग्रॅम मारायचे, हे जमणार नाही. दुसऱ्याच्या खोट्या पायलीने आपले पूर्वज नाडले गेले, ती पायली आपल्या हातात यायला नको.

संयुत्त निकायात आणखी एक गोष्ट आहे. कोसलचा राजा प्रसेनजित एका वेळेला द्रोणभर तांदळाचा भात खायचा. जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला जेवणातली मात्रा ओळखायला सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचे जेवण द्रोणावरून नाळीवर, म्हणजे पुष्कळ लहान मापावर आले आणि त्याचे शरीर हलके झाले. द्रोण आणि नाळी ही तेव्हाची मापेच. मात्रा ओळखणे हा धम्माचाच भाग आहे, मग ती भाताची असो की बाळाच्या औषधाची.

या रविवारी एवढे करा

मुलांना स्वयंपाकघरात बोलवा. एक लिटरची रिकामी बाटली, घरातली वाटी, पेला आणि चमचा घ्या. पेल्यात किती मिलिलिटर मावते ते मुलांना मोजू द्या. तीच वाटी भरून तांदूळ आणि पीठ किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणू द्या आणि वहीत लिहू द्या. औषधाच्या सगळ्या बाटल्या पुढे मांडून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर कुठे लिहिले आहे ते मुलांकडून वाचून घ्या. मुदत संपलेल्या बाटल्या टाकून द्या. एक तासाचे काम आहे. शाळेतले गणित मुलांना चुलीपाशी भेटले की ते विसरत नाहीत.

आमच्या विहारात आता खरेदीची यादी त्या आठवीतल्या मुलीकडून तपासून घेतली जाते. मागच्या महिन्यात तिने तेलासमोर 'किलो की लिटर ते लिहा' अशी शाईने खूण करून यादी आम्हाला परत पाठवली होती. आम्ही निमूटपणे दुरुस्त करून दिली.

जयभीम.